आई खाली हाय

मी गड चढत होते ती भक्तीने की हट्टाने, हे आजही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आई इस्पितळात असताना डहाणूच्या महालक्ष्मीला नवस बोलले होते, की ती बरी झाली तर तुझ्या डोंगरावर येईन. आई बरी झाली. मनात शंका होतीच, बरं केलं ते देवीने की डॉक्टरांनी? तरी बोललेला शब्द फिरवायचा नाही, हा माझा खाक्या.

सुट्टी काढून आम्ही दोघी डहाणूला आलो. आदल्या दिवशी आगरच्या किनाऱ्यावर आई ओल्या वाळूत शिंपले वेचत हिंडली, माझ्या तरातरा चालण्याची नक्कल करून पोटभर हसली. तिला इतकी खुशीत पाहून मी निर्धास्त झाले. सकाळी खालच्या मोठ्या देवळात दर्शन घेतलं, गडाच्या पायथ्याशी एका बंद टपरीच्या बाकावर तिला बसवलं आणि एकटीच डोंगराला लागले.

अर्ध्या वाटेवर वरून एक बाई उतरत आली, डोक्यावर लाकडाची मोळी. मला धापा टाकताना पाहून थांबली. "आई खाली हाय ना, वर कशाला जातेस बाय?"

इकडे देवीला आईच म्हणतात. एका गरोदर भक्तिणीला चढवेना म्हणून देवीच डोंगर उतरून खाली आली, अशी इथली श्रद्धा. त्यामुळे खालच्या देवळातूनच परतणारे पुष्कळ. मला वाटलं, ही मला टोमणा मारतेय.

"नवस वरचा आहे, मावशी," मी फणकाऱ्याने म्हटलं.

"आईला काय वर न् काय खाली! जा तू," म्हणाली आणि आडवाटेने झाडीत गेली.

मी आणखी थोडं चढले, पण ते शब्द पाठ सोडेनात. देवी माणसासाठी खाली उतरली, आणि मी नाक वर करून निघालेली, तिच्याहून मोठी! स्वतःचा राग आला, रडूही आलं. मी वळले.

खाली आई बाकावर कलंडली होती. अंग घामाने थबथबलेलं, जीभ जड झालेली. सकाळी इन्सुलिन घेऊन तिने नावापुरतंच खाल्लं होतं, आणि साखरेची पुडी माझ्याच पिशवीत गड चढत होती. साखर पाण्यात कालवून मी तिला घोट घोट पाजली. इस्पितळातसुद्धा मागितला नव्हता इतक्या काकुळतीने तेव्हा देवीकडे तिचा जीव मागितला. या वेळी बदल्यात काही देऊ केलं नाही. द्यायला होतं काय माझ्याकडे?

ती बाई वरून येत होती, तिने माझ्या आईला पाहिलेलंच नव्हतं. ती कुठल्या आईबद्दल बोलली, याचा शोध घ्यायला मी गेले नाही. पदरात पडलेलं डोक्याला लावावं, त्याची उलटतपासणी करू नये. वर पोहोचणं माझ्या हाती नव्हतं, आणि मागे वळणंही माझ्या एकटीचं नव्हतं, एवढं मला पुरे आहे.

हळूहळू आईच्या डोळ्यांत ओळख आली. तिने माझा हात चाचपला, मग डोंगराकडे पाहिलं. "इतक्यात आलीस? झालं दर्शन?"

"झालं," मी म्हटलं, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.