सहा डझन कपांचे कान

पुण्यातल्या एका लॉजच्या मॅनेजरकीतून मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल, नारळ आणि एक भाषण मिळालं. भाषणात मला 'शांत, आज्ञाधारक, कुणाचंही मन न दुखावणारा गृहस्थ' म्हटलं गेलं. शाल मी ठेवली, नारळाची बर्फी झाली, भाषण मात्र साभार परत. आज्ञाधारक? मी? ज्या माणसाने एका दुपारी सहा डझन कपांचे कान तोडले आणि आळ उंदरांवर घातला, त्याला आज्ञाधारक म्हणणं म्हणजे उंदरांचाही अपमान आहे.

हे घडलं पन्नासच्या दशकात, मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलात. हॉटेल म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे आता येतं तसलं नव्हे. कासारवाडी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची शेड, आठ बाकडी, एक भट्टी आणि गल्ल्यावर मी. पण मी मॅनेजर होतो आणि तसं भिंतीवर लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं, खडूने. आमची भजी एवढी फुगायची की तळताना कढईवर झाकण दाबून बसावं लागे, नाहीतर उडून थेट दिघीला जायची आणि तिकडच्या लष्करी छावणीतले जवान बंदुका रोखायचे. चहाचं तर विचारूच नका. वासावर इंजिनं थांबायची. स्टेशन तिथे नंतर झालं, असं मी सांगतो आणि बायको पदर तोंडाला लावते.

मालक भोसरीतल्या जुन्या शेतकरी घराण्यातले. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. माणूस मनाने वाईट नव्हता, असं अशा वेळी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. हॉटेलामागची खोली त्यांनी मला राहायला दिली होती. तिथे मी, बायको, दोन मुली आणि तिसरं बाळ वाटेवर. नोकरी गेली की खोली गेली, याची आठवण शेठ महिन्यातून दोनदा तरी करून द्यायचे.

दाराशी शेठनी पाटी लावली होती : 'सर्वांना मुक्त प्रवेश'. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला होता, पाटी लावणं भाग होतं. आणि त्या पाटीच्या बरोबर खाली, बाहेरच्या कोनाड्यात, कान तुटलेले पाच कप उपडे घातलेले असत. ते गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी. त्यांनी बाहेर उभं राहायचं, कोनाड्यातला कप आपला आपण उचलायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, कप विसळून पुन्हा उपडा घालायचा. प्रवेश मुक्त होता. फक्त आत यायचं नव्हतं.

दोन वर्षं तो चहा वरून मीच ओतला. हे लिहायचं टाळता आलं असतं. पण पुढे मी बरीच फुशारकी मारणार आहे, तेव्हा हेही इथे लिहिलेलं बरं.

पिंपरीच्या बाजूला तेव्हा नवा कारखाना उभा राहिला होता. तिथला एक फिटर शिफ्टला जाताना रोज सकाळी बाहेर उभा राहून चहा प्यायचा. नगरकडचा, माझ्याच वयाचा, निळा डगला, खिशात पोलादी मोजपट्टी. एकदा आमचा मोठा स्टोव्ह बिघडला. कुणाला सुधरेना. शेवटी तो उचलून बाहेर फिटरच्या पुढ्यात ठेवला. त्याने दहा मिनिटांत असा पेटवून दिला की ज्वाळा पत्र्याला लागली. आम्ही स्टोव्ह सन्मानाने आत नेला. फिटर बाहेरच. मी त्याला चहा दिला, फुकट, बिनकानाच्या कपात.

तो हसून म्हणाला, "तुमचा स्टोव्ह नशीबवान हाये, मॅनेजर."

त्या सकाळी मी गल्ल्यावर सुटे पैसे तीनदा चुकवले. दुपारी शेठ शेतावर गेले, गिऱ्हाईक नव्हतं. मी अडकित्ता घेतला, आतले सगळे कप पुढे ओढले आणि एकेकाचा कान उडवायला लागलो. कट, कट, कट.

बायको मागून ओरडली, "अहो, सुपारी किती फोडताय?"

"सहा डझन!"

ती बाहेर आली, बघत राहिली. "वेड लागलं का तुम्हाला?"

"अगं, आता सगळे कप सारखे. आतला कुठला नि बाहेरचा कुठला, ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

ती पोट सावरत बाकड्यावर टेकली आणि हात पुढे केला. "द्या इकडे. तुम्ही नुसते टवके काढताय."

कोनाड्यातले पाच कप मी त्या ढिगात मिसळून टाकले. दुसऱ्या दिवशी जे झालं ते बघायला खरं तर तिकीट लावायला हवं होतं. चाकणहून कांदे घेऊन आलेले ड्रायव्हर चटके बसून नाचत होते. एका पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून तिच्यात कप धरला आणि मग टोपी चहात बुडवली. एवढ्यात शेठ आले.

"म्यानेजर, ह्ये काय? कपांचं कान कुटं गेलं?"

"उंदरांनी खाल्ले, शेठ."

"चिनी मातीचं कान उंदीर खातोय व्हय रं?"

"साधे उंदीर नव्हते. कांद्याच्या ट्रकमधून उतरलेले. कांदा खाऊन खाऊन दात पोलादाचे झालेले."

शेठ माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की तेवढ्यात एक मालगाडी अख्खी गेली. "पुण्यास्नं नवं कप मागवतो," ते म्हणाले. "नवं आत. ही कानतुटकी सम्दी भाईर. आन पुन्यांदा उंदीर आलं, तर तुजं बिऱ्हाड रस्त्यावर."

मला त्याचं काही वाटलं नाही. मी फिटरची वाट बघत होतो. मनात त्याच्या तोंडी आभाराची अख्खी भाषणं रचून ठेवली होती. तो आला, कप हातात फिरवून बघितला, आत बाकड्यांवर चटके खाणाऱ्यांकडे बघितलं.

"हे तुम्ही केलं?"

"मीच!" छाती फुगवून मी म्हणालो.

"मॅनेजर, मला कान पाहिजे व्हता. तुम्ही सगळ्यांचे तोडले. आन मी हाये तिथंच उभा हाये."

चहा पिऊन, कप विसळून तो कामावर गेला. मला संताप आला. अहो, एवढा पराक्रम केला आणि हा माझीच मापं काढतोय! दुपारपर्यंत धुसफुसलो. मग लक्षात आलं की त्याचं माप एका सुतानेही चुकलेलं नाही. मी केली होती ती चलाखी, आणि चलाखी करताना माझी खोली शाबूत राहील याची मी नीट काळजी घेतली होती.

बायकोला म्हणालो, "उद्या नवे कप येतायत. त्याला आत बोलवावं म्हणतो. पण खोली जाईल. तुझे दिवस भरत आलेत."

"जाऊ दे. मी काही शेठच्या कपात बाळंत होणार नाहीये," ती म्हणाली. "पण एक सांगते. या वेळी उंदरांवर ढकलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे कप आले. शेठ गावातल्या दोन पाहुण्यांना घेऊन पहिल्याच बाकड्यावर बसलेले. फिटर येऊन कोनाड्यापाशी उभा राहिला.

मी म्हणालो, "तिथे नाही. आत या. बसा."

त्याने आधी शेठकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, "तुमच्या खोलीचं काय?"

"ते माझं मी बघतो. तुम्ही बसा."

तो आत आला आणि मधल्या बाकड्यावर बसला. मी नव्या कपात चहा नेऊन त्याच्यापुढे ठेवला, कान त्याच्या उजव्या हाताकडे करून.

शेठ उठून उभे राहिले. "म्यानेजर! ह्ये न्हाई चालायचं!"

"पाटी तुम्हीच लावलीय, शेठ."

"पाटी सरकारसाठी हाय!"

"मग सरकारला वाचू द्या. मला गिऱ्हाईक बघू द्या."

"सांच्याला खोली रिकामी कर!"

"करतो."

एक पाहुणा तडक निघून गेला. दुसऱ्याने आधी बशीतली भजी संपवली, हात पुसले आणि मग त्याला विटाळ झाल्याचं आठवलं. संध्याकाळी हातगाडीवर संसार घालून आम्ही कासारवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत गेलो, आणि पाचव्या दिवशी तिथे आमची धाकटी झाली. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा सकाळ होती आणि गिऱ्हाईक बसलेलं होतं.

फिटरने कप कानाला धरून उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मॅनेजर, चहा पाणचट हाये."

"काय? दोन वर्षं हाच चहा पिताय तुम्ही!"

"दोन वर्षं भाईर उभा व्हतो. भाईर उभं राहून कोण तक्रार करतं?"

"दूध भरपूर आहे त्यात!"

"कुणी बघितलं? म्हशीनं?"

आम्ही असे जुंपलो की स्टेशनावरची माणसं बघायला आली. मी पवनेच्या पाण्याची शपथ घेतली, तो म्हणाला पाण्याचीच घ्या, कपात तेच हाये. शेठ मधे उभे, तोंड उघडं. कुणाची बाजू घ्यावी ते त्यांना समजेना, कारण चहा त्यांचा होता.

"दुसरा आणतो," मी शेवटी म्हणालो.

"आणा. आन जरा उकळू द्या."

मी स्टोव्हकडे गेलो, पातेल्यात दूध ओतलं, शेठ बघत होते म्हणून आणखी थोडं ओतलं, आणि चांगला उकळू दिला.