विमानात न बसलेला मेंढा

नोकरीतल्या बऱ्याच केसेस फायलींबरोबरच डोक्यातून गेल्या. न्हावऱ्याच्या मेंढ्याची मात्र गेली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट, तेव्हा मी शिरूर पोलीस ठाण्यात होतो. लोक ती आजही हसत सांगतात, पण चुकीची सांगतात. तिच्यात एका माणसाला चोर म्हणतात. तो चोर नव्हता. हे मी फार आधी लिहायला हवे होते.

आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या सरकारने आपल्या भागातले पैदाशीचे मेंढे विकत घेतले होते. ते न्यायला त्यांचीच सरकारी विमान कंपनी येणार होती. ही कंपनी तिकिटावर प्रवासी नेत नसे. माल वाहायचा आणि मागेल त्याला अख्खे विमान भाड्याने द्यायचे, हा तिचा धंदा. मेंढे ट्रकने मुंबईला जाणार आणि तिथून उडणार. विमानात कोणता माल कुठे ठेवायचा हे ठरवणारा त्यांचा माणूस, म्हणजे लोडमास्टर, आधीच येऊन शिरूरच्या लॉजवर राहिला होता. परदेशी पाहुणा म्हणून नोंदीसाठी तो ठाण्यात आला आणि चहा पिऊन आमचा मित्रच झाला.

"तुमच्या कंपनीची विमानं किती?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारले.

"दोन," तो म्हणाला. "एक उडतं. दुसऱ्याचे पार्ट काढून आम्ही पहिल्याला लावतो."

ट्रक भरायच्या आदल्या दिवशी न्हावऱ्याचा एक शेतकरी अर्ज घेऊन आला. घर धनगराचे. पूर्वी मेंढरे घेऊन फिरणारे, आता ऊस-कांदा करणारे. कळप अजून ठेवला होता.

"साहेब, सगळ्यात देखणा मेंढा गेला. सरकारी कागदावर आकडा ठरल्याला हाय. एक कमी पडला तर समदी खेप अडकंल. इमान काय आपल्यासाठी थांबतंय व्हय?"

दुपारपर्यंत खबऱ्याने बातमी आणली. दौंडच्या रस्त्याला एका टेम्पोत ताडपत्रीखाली काहीतरी ओरडत होते. टेम्पो न्हावऱ्याचाच निघाला, पण सापडला तेव्हा रिकामा होता. ड्रायव्हरला ठाण्यात आणून बाकावर बसवला.

"टेम्पोत काय होतं?"

"कांदा, साहेब."

"कांदा ओरडतो का?"

"भाव पडला की वरडतो, साहेब."

ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसले. मला हसू आले नाही, राग आला. मी त्याच्या कानाखाली एक लावली. त्याने गाल चोळला आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. नाव विचारले तरी गप्प. आम्हाला तेव्हा असेच वाटायचे, की जो गप्प बसतो त्यानेच केलेले असते. त्याला तसाच बसवून ठेवून मी घटनास्थळ पाहायला निघालो. लोडमास्टरही जीपमध्ये चढून बसला. त्याची खेप अडकली होती ना.

मेंढरांच्या वाड्यातले सगळे मेंढे कातरलेले होते. विमानात उकडते, म्हणून लोकर काढून द्या, असे लोडमास्टरनेच सांगितले होते. मी तक्रारदाराला गेलेल्या मेंढ्याचे वर्णन विचारले.

"काळाभोर. अंगावर ह्ये येवढी लोकर."

"मग तोच का कातरला नाही?"

उत्तर त्याच्या बायकोने दिले. "मामांनी कातर लावूच दिली न्हाई. त्यो देवाला सोडल्याला हाय. मी ह्यांना म्हणलं व्हतं, इकू नगा. पर माझं ऐकतंय कोण?"

मामा म्हणजे तिचे सासरे, घरातले आबा. एका वर्षी कळपात रोग शिरला तेव्हा त्यांनी हा मेंढा देवाला बोलला होता. त्यांच्या घरच्या रीतीने अशा मेंढ्याला कातर लागत नाही आणि त्याचा सौदाही होत नाही. मुलाने सौदा केला होता, आबांना न विचारता.

"आबा कुठे आहेत?"

"लेकीकडं गेल्यात. दौंडला."

दौंड म्हटल्यावर मला दुसरे काही विचारायची गरज उरली नाही.

आबांचे जावई रेल्वेत होते. त्यांच्या क्वार्टरबाहेर आम्ही उतरलो तेव्हा शेजारच्या बाई जावयाला झापत होत्या, "पाव्हणं आलेत म्हणता, मग न्हाणीत कोण ओरडतंय?" दार उघडले. न्हाणीत कपाळभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, लावलेला मेंढा साबण चघळत उभा होता. शेजारी पाटावर आबा.

"न्यायचा आसंल तर मला बी इमानात बसवा," आबा म्हणाले. "दोघांचं येकदमच वजन करा."

मी लोडमास्टरला सगळे समजावून सांगितले. त्याने आबांपुढे मान झुकवली. "माझ्या आजीने नदीला एक बैल बोलला होता. माझा मामा तो विकायला निघाला, तर आजीने त्या मामालाच बाजारात उभा केला. असलं जनावर माझ्या विमानात नको. ते उडणार नाही. दुसरा द्या."

आबांनी स्वतः कळपातला दुसरा मेंढा निवडून दिला. जनावरांच्या डॉक्टरांनी तो तपासला आणि ट्रक वेळेवर सुटला. मुलाने अर्ज मागे घेतला. गुन्हा दाखल झालाच नव्हता.

ठाण्यात परतल्यावर मी ड्रायव्हरला विचारले, "का बोलला नाहीस?"

"आबांनी हातावर भंडारा ठेवून कुनाला न सांगायची आण घेतली व्हती, साहेब. तुमचा हात एक डाव लागला. त्यो देव जलमभर लागला आसता."

दोन दिवसांनी पेपरात आले, 'मेंढा पळवणारा टेम्पोचालक जेरबंद'. खाली पोलिसांचे कौतुक होते. वरिष्ठांनी पाठ थोपटली. खुलासा द्यावा असे मनात आले, पण घरच्या भांडणात आबांचे नाव कशाला आणायचे, अशी स्वतःची समजूत घालून मी गप्प बसलो. ड्रायव्हरने दुसऱ्याला वाचवायला तोंड मिटले होते, मी स्वतःची शाबासकी टिकवायला.

निवृत्तीनंतर न्हावऱ्याला गेलो आणि त्याला शोधून काढले. म्हटले, आता चारचौघांत खरे सांगतो.

तो हसला. "गावात कशाला साहेब? हितं समद्यांना ठावं हाय. मेंढेचोर म्हणून हाक मारत्यात, मी बी 'ओ' देतो. पर पोरीच्या सासरी तेवढं येऊन सांगा. तितं मला अजून हसता येत न्हाई."

गेलो. व्याही मंडळींसमोर पहिल्यापासून सगळे सांगितले, कानाखाली मारलेलीसुद्धा. गप्प माणूस गुन्हेगारच असतो हे आम्ही पक्के धरून चाललो होतो, आणि ते किती चूक आहे हे मला या माणसाने शिकवले, असेही म्हणालो.

मुलीच्या सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग एकदम म्हणाल्या, "तरीच! आमची सून बी येकदा सांगायचं न्हाई म्हणली, की मग देव खाली उतरला तरी सांगत न्हाई. आमी म्हणायचो, ह्यो हट्ट आला कुठनं!"

आत चहा गाळणारी सून हसली. आणि त्या घरात पहिल्यांदाच तिचा बापही मोकळा हसला.