खुंट्याचा गुडघा

फरशी बसवणाऱ्या माणसाला आठवडाभर जग घोट्याच्या उंचीवरून दिसतं. घरमालक येतो तेव्हा आधी त्याच्या चपला दिसतात, मग आवाज ऐकू येतो, आणि तोंड बघायचं तर मान वर करावी लागते. हा फरशीवाला वीसेक वर्षं असाच बसून काम करत आला होता. डावा गुडघा जमिनीला टेकलेला, उजवा पाय बाहेर फाकवून उभा, हातात रबरी हातोडी आणि डोळा दोरीवर. धाकट्या भावालाही त्यानं हीच बैठक शिकवली होती. माणूस अबोल. त्याच्या हट्टीपणाबद्दल मात्र बायको दिवसभर बोलू शकली असती.

रविवारी सकाळी हा माणूस ताठ उभा राहायचा. गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानात प्लंबर, रंगारी, सुतार, वायरमन असल्या मंडळींचा फुटबॉल चालायचा. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचा दम पहिल्या दहा मिनिटांत संपणारा, पण आव असा की जग जिंकायला निघालेत. फरशीवाला बचावाला खेळायचा. गडी जागचा हलत नाही म्हणून त्याला सगळे खुंटा म्हणायचे. तिथं त्याला पळता यायचं, ओरडता यायचं, कुणी पास चुकवला तर त्याची आयमाय काढता यायची. संसारासाठी राबतो असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण सोमवार ते शनिवार त्याला ढकलत नेणारी गोष्ट रविवार होती.

या मंडळींची एक ठाम समजूत होती, की खेळाआधी अंग मोकळं करणं हे खुर्चीत बसणाऱ्यांचं काम. आपण आठवडाभर व्यायामच करतो, असं त्यांचा कप्तान म्हणायचा. कप्तान म्हणजे प्लंबर. खुंट्याला तर हे शंभर टक्के पटायचं. दिवसभर उकिडवं बसणाऱ्याचे खुबे आखडतील तरी कसे?

आखडले होते. आधी गुडघा कुरकुरायला लागला. मैदानातून घरी आलं की उजवा गुडघा आतल्या बाजूनं दुखायचा. खुंट्यानं तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी धरली, गुडघ्याला पट्टा आवळला, आणि पट्टा सैल वाटला तेव्हा दुसरा आणून त्याच्यावर आवळला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा प्रकार. मग एका रविवारी चेंडू घेऊन तो झटकन वळला आणि आतून टप् असा आवाज आला. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. पाऊल मातीत रुतून राहिलं आणि वरचा माणूस वळला, एवढंच. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

डॉक्टरांनी फोटो काढून घेतले आणि सांगितलं की गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन करा आणि पुढचे बरेच महिने खाली बसायचं नाव काढू नका. किंवा स्नायू कमावून काम चालवा, पण मग वळावं लागणारे खेळ बंद. खाली बसायचं नाही म्हणजे खुंट्याच्या बाबतीत चूलच बंद. त्यानं दुसरी वाट धरली. बायकोला हायसं वाटलं, कारण खेळ बंद होणार होता.

फिजिओथेरपिस्ट बाई फटकळ होत्या. त्यांनी खुंट्याला उताणं झोपवलं, गुडघा काटकोनात वर धरला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ढकललं. डावं पाऊल बऱ्यापैकी गेलं. उजवं गेलंच नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, मग तो कसा बसतो ते विचारलं. खुंट्यानं मोठ्या ऐटीत खाली बसून दाखवलं. वर्षानुवर्षं एकाच अंगानं बसून तुमचा खुबा एकाच बाजूला फिरायला शिकलाय, असं बाईंचं म्हणणं पडलं. आत वळणं तो विसरलाय. खेळताना वळायची वेळ आली की खुबा हात वर करतो आणि ते वळण गुडघ्याच्या गळ्यात पडतं. गुडघा बिचारा दाराच्या बिजागरीसारखा, उघडायचं आणि मिटायचं एवढंच त्याला ठाऊक. त्याला पिळला की आतली दोरी जाते.

खुंट्यानं हे ऐकलं आणि घरी जाऊन खरोखर व्यायाम केले. रोज सकाळी जमिनीवर बसून दोन्ही गुडघे एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला पाडायचे. एका पायावर उभं राहायचं. बायको म्हणायची, बगळ्याला मासा मिळाला का? तो हसायचा. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात, पण त्याची मुंगी जरा पळतच निघाली. सूज उतरली, दुखणं गेलं, बैठक जमायला लागली, आणि तो पुन्हा फरश्या ठोकायला लागला. दुखणं गेलं तसे व्यायामही गेले. उड्या मारून, वळून, एका पायावर थांबून बाई एक चाचणी घेणार होत्या आणि तोवर मैदानाकडे फिरकायचं नव्हतं. त्या चाचणीला तो गेलाच नाही.

त्यानं स्वतःची परीक्षा स्वतःच घेतली. कारागिराला कारागिराचीच परीक्षा सुचणार. एका इमारतीत काम चालू होतं. त्यानं सिमेंटची गोणी पाठीवर घेतली आणि न थांबता तीन मजले चढला. गुडघा हूं की चूं करेना. खाली येऊन त्यानं दुसरी गोणी नेली, हलवून खुंटा बळकट करावा तशी. धाकटा भाऊ जिन्यात उभा राहून बघत होता. एवढं वजन पेलणाऱ्या पायाला झालंय काय, असं खुंट्यानं त्याला ऐकवलं. धाकट्यालाही ते पटलं. मलाही तिथं उभं केलं असतं तर पटलं असतं, दुसरं काय सांगू.

त्याच आठवड्यात कप्तान घरी आला. बाजारवाल्यांशी दरवर्षीचा सामना होता आणि बचावाला माणूस नव्हता. बायको आतून म्हणाली, त्यांना जमणार नाही. कप्तान आवाज खाली आणून म्हणाला, "अरे, पळू नकोस. तू नुसता उभा राहा."

आणि खुंटा गेला. बायकोला त्यानं कामाची जागा बघायला जातो असं सांगितलं, आणि तिला ते खरं वाटलं नाही हेही त्याला कळलं. अर्धा सामना तो खरोखर नुसता उभा राहिला. मग एक चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे पडला. खेळाडू असल्या वेळी डॉक्टरांचं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही, स्वतःचंही ऐकत नाही. तो वळला. या वेळी आवाज आला नाही. गुडघा अर्धवट वाकला आणि तिथंच अडकला, ना सरळ होईना, ना मिटेना. चौघांनी उचलून त्याला बाहेर आणलं तेव्हा तो ओरडत नव्हता. तो कप्तानाकडेही बघत नव्हता.

सैल गुडघा दोन हाडांमधल्या गादीवर पिळला गेला होता आणि गादीचा तुकडा सांध्यात अडकला होता. तो शिवण्यासारखा राहिला नव्हता. डॉक्टरांनी तो काढून टाकला आणि ऑपरेशन करून नवं लिगामेंट घातलं. सपाटीवर चालता येईल, जिने चढता येतील, असं ते म्हणाले. पूर्ण खाली बसण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, आणि खुंट्यानं विचारलं नाही.

बाई पुन्हा भेटल्या तेव्हा रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं त्यांना गोण्यांचं सांगितलं, जणू गुन्हा गोण्यांचाच.

"गोणी घेऊन तुम्ही सरळ चढलात," त्या म्हणाल्या. "वळलात कुठं?"

पुढं वर्ष गेलं. बाईंनी सांगितलेलं सगळं त्यानं केलं, एक दिवस न चुकता केलं, आणि खुबा खरंच सुटला. आता खुबा वळत होता आणि गुडघा मिटत नव्हता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणावं, तर इथं दोन्ही नेणारेच निघाले. धाकटा काम करायचा आणि खुंटा शेजारी स्टुलावर बसून सांगायचा, इकडे उचल, तिकडे दाब. धाकट्याचा हात चांगला होता. बरेचदा सांगण्यासारखं काही नसायचं, तरी तो सांगायचा.

एका स्वयंपाकघराची फरशी पुरी होत आली होती. शेवटच्या कोपऱ्यातली मी बसवतो, असं खुंटा म्हणाला. धाकट्यानं नको म्हटलं. खुंटा स्टूल सरकवून, ओट्याला धरून खाली गेला. गुडघ्यात कळ उठली, डोळ्यांत पाणी आलं, पण फरशी त्यानं बसवली. मग उठायला गेला तर उठता येईना. ओटा हाताला पोचेना आणि ओल्या फरश्यांवर हात टेकता येत नव्हते. तो कुशीवर कलंडला आणि त्याच्या कोपरानं दोन फरश्या खचल्या. धाकट्यानं काखेत हात घालून त्याला उभं केलं, स्टुलावर बसवलं, आणि तिन्ही फरश्या काढून पुन्हा बसवल्या. खुंट्यानं बसवलेलीसुद्धा. हात धुऊन तो समोर आला.

"दादा, उद्यापासून तू नको येऊस," धाकटा म्हणाला. "तुला असं बघत माझ्याच्यानं काम होत नाही रे."

रागवावं असं खुंट्याला वाटलं. ज्याला थापी धरायला शिकवलं त्यानं आपल्याला घरी पाठवावं? पण राग आलाच नाही. धाकट्याचं बरोबर होतं, आणि त्याचंच दुःख जास्त होतं. तो भिंतीला धरून जिना उतरला आणि वाटेत कुठंही थांबला नाही.

बायकोची पाठ दाराकडे होती. ती जमिनीवर ताटं मांडत होती. लवकर कसे आलात, असं तिनं विचारलं.

"काम सुटलं," तो म्हणाला.

"आजचं?"

"कायमचं."

तिनं एक ताट उचलून पदरानं पुसलं. मग वर्षानुवर्षं म्हणत आली तेच तिच्या तोंडून निघून गेलं. "बसा खाली. जेवून घ्या."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती खुर्ची आणायला उठली, तर त्यानं हातानंच थांबवलं. ताट तिच्या हातातून घेऊन तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि उभ्यानंच जेवू लागला. तीही मग बसली नाही.