फिरत्या ढोलातलं चित्र

बदनापूरच्या राजानंद गुरुजींची अक्षता पुण्यातली नोकरी सोडून परत आली, तेव्हा पोरीचं तिकडं काहीतरी बिनसलं, असं शेजारपाजारच्यांनी ठरवूनच टाकलं. बिनसलं काहीच नव्हतं. दुसऱ्यांनी आखलेली यंत्रं तपासून तपासून ती कंटाळली होती; तिला स्वतः काही घडवायचं होतं. कॉलेजातला दोस्त हरिओम जालन्यात होता. दोघांनी औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि बिनतारी उपकरणं बनवायला लागले.

एक दिवस आयुषी आली. तिचे आजोबा बालकिशनजी यांची बियाण्यांची कंपनी आता तीच बघायची. सरकी निवडायला तिनं नवं यंत्र बसवलं होतं. मोठा पोलादी ढोल गरगर फिरायचा, त्यात सरकी घोळायची आणि आतून जडवलेला कॅमेरा तडकलेला दाणा हेरायचा. अडचण एकच. कॅमेराही ढोलाबरोबर फिरायचा, तार लावली की पिळून तुटायची. तारेऐवजी घासत जोड ठेवणाऱ्या कड्या आणि ब्रश लावून पाहिले, ते सरकीच्या लवेनं बुजून जायचे.

"ताई, चित्र घडीघडी फाटतं. ढोल अन् भवतालच्या चौकटीत दोन बोटांचं अंतर. तेवढं बिना तारेचं जमंल का न्हाई?"

"जमंल की!" अक्षता म्हणाली आणि मग हिशेब करायला लागली. चित्र दाबून लहान करायची सोय नव्हती, दाण्यावरची बारीक चीरच पुसली गेली असती. म्हणजे एवढ्याशा फटीतून माहितीचा लोंढा वाहायला हवा होता.

लहर कोणती, ते लगेच ठरलं: साठ गिगाहर्ट्झ. त्या लहरीवर माहिती कशी चढवायची, म्हणजे मॉड्युलेशन कोणतं, यावर मात्र दोघांची जुंपली. हरिओमला भारी पद्धत हवी होती. लहरीची उंचीही बदलायची आणि तिचं मागंपुढं सरकणंही, म्हणजे एकेका ठोक्यात कितीतरी आकडे बसतात.

अक्षताच्या डोक्यात दुसरंच होतं. "लहर आली म्हणजे एक, न्हाई आली म्हणजे शून्य. बस."

"अगं, ही तर पार बाळबोध पद्धत झाली!"

"असू दे. एवढ्या जवळून सिग्नल दणकट येतो अन् पट्टा पण रुंद आहे. ठोके जल्दी जल्दी मारू. एका ठोक्यात कोंबायचं कशाला?"

शेवटी दोन्ही पद्धतींची एकेक जोडी बनवली, लहर पाठवणारं एक यंत्र आणि ती झेलणारं एक. गाळ्यातल्या टेबलावर हरिओमची जोडी झकास धावली. अक्षताच्या मनात मात्र एकच होतं. टेबल काही फिरत नाही!

कंपनीत ढोल सुरू झाला आणि हरिओमच्या पडद्यावर एकेका ठोक्याचा एकेक ठिपका उमटायचा, ते नीट रांगेतले ठिपके मुरमुरे उधळावेत तसे विखुरले. अक्षता ओरडलीच, "बघ, ढोल हलून राह्यलाय! लहर अख्खी पाच मिलिमीटरची, ढोल एक मिलिमीटर थरथरला तरी ती पाचव्या हिश्शानं सरकते. तुझी पद्धत तर सरकण्यावरच भिस्त ठेवते." ते सरकणं सावरून घेणारी चिप होती, पण तिच्या जोडीची पाठवणारी चिप ढोलाच्या आतल्या छोट्या बॅटरीवर चालेना.

मग अक्षताची जोडी लावली. चित्र आलं. लख्ख! आयुषी टाळ्या पिटायला लागली, तेवढ्यात चित्र मधोमध फाटलं. परत जुळलं, परत फाटलं. दर फेऱ्याला, त्याच जागी.

अक्षता अँटेनाचे स्क्रू आवळून बघायला लागली. हरिओम मात्र चिडवण्याऐवजी खाली वाकून चौकटीकडं बघत होता. "हितं पट्टी आहे बघ लोखंडाची. ढोलावरची अँटेना तिच्यासमोर आली की लहर तिच्यावर आपटून उशिरा येत असंल."

"म्हणजे एकाचा पडसाद पुढच्या शून्यात शिरतो!" अक्षतानं त्याचा हातच धरला. "अरे, बराबर!"

ढोल थांबवला. पट्टीवर लहरी शोषून घेणारा काळा फोम चिकटवला, अँटेना जरा तिरकी केली. अक्षतानं बटण दाबलं.

ढोल फिरला. एक फेरा गेला, दुसरा गेला. घरंगळणारी सरकी पडद्यावर अशी दिसत होती, की हात घालून उचलावी. एका दाण्यावर केसाएवढी चीर होती, तीसुद्धा दिसली. "फाटत न्हाई! बिलकुल फाटत न्हाई!" आयुषी नाचायलाच लागली आणि आजोबांना बोलवायला धावली. अक्षतानं तिथूनच आईला फोन लावला. ढोलाच्या आवाजात कांताबाईंना एक शब्द कळेना. पोरगी हसतेय एवढं मात्र समजलं, आणि त्याही हसू लागल्या.

बालकिशनजींनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. "असंच गोदामापासून ऑफिसापर्यंत होईल का?"

"तिथं माझी पद्धत दम तोडंल, दादाजी," अक्षता म्हणाली. "एवढ्या लांब, मध्ये भिंती, पत्रे. तिथं वेगळंच काही लागंल."

हरिओमनं तोवर खिशातून पेन काढलं होतं. दोघं तिथंच सरकीच्या पोत्यावर बसून भांडायला लागले.