उलटा हात

करंटचा संशय असलेल्या वस्तूला गिरणीवाला तळहात लावत नाही. उलटा हात लावतो. तळहाताला करंट बसला तर मूठ आवळते आणि वस्तू सुटत नाही. उलट्या हाताला बसला तर हात आपोआप मागे येतो. गिरणी माझ्या हातात देताना वडिलांनी पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. वीज हाताळताना काय करायचं आणि काय नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. घराला लागूनच पिठाची गिरणी. घरात आम्ही तिघं, मी, बायको आणि लेक. लेक भोरच्या कॉलेजात शिकते आणि घरी आली की गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते. बोलायला ती माझ्यासारखीच कमी. त्यामुळे तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा आहे आणि तोही तयार नको, एकेक भाग निवडून स्वतः जोडायचा आहे, हे तिनं सांगितलं तेव्हा आधी मला नीट कळलंच नाही. अर्धे पैसे ती शिकवण्यांतून घालणार होती, अर्धे मी. दोन्ही अर्धे मिळूनही रक्कम बेताचीच होती.

मग संध्याकाळी गिरणी थंडावली की ती दारातल्या पोत्यावर येऊन बसायची आणि आम्ही भाग निवडायचो. खरं तर निवडायची ती, मी ऐकायचो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, पडद्यावरची चित्रं हलवणारं ग्राफिक्स कार्ड कुठलं. एक वाढवलं की दुसरं कमी करायला लागायचं.

एकदा मी म्हणालो, "म्हणजे दगड मोठा घेतला आणि मोटर बारकी राहिली, तर दगड अडकणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. "पप्पा, तुम्हाला कळतंय की."

त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले. वडील म्हणून माझं कधी फार कौतुक झालेलं नाही, आणि व्हावं असं मी काही केलेलंही नाही.

तिचा नियम एकच होता. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना ज्याच्या त्याच्या मापानं वाटून देणारी एक लोखंडी पेटी असते, तिला पॉवर सप्लाय म्हणतात. लेक म्हणायची, "बाकी कुठंही काटकसर करू पप्पा. कॅबिनेट साधं चालेल, दिवे नकोत. पण पॉवर सप्लाय चांगलाच घ्यायचा. तो गेला तर सगळं घेऊन जातो."

खरेदीला आम्ही दोघं मिळून जाणार होतो. पण ज्या दिवशी दुकानदारानं माल आल्याचं कळवलं, त्याच दिवशी तिची प्रॅक्टिकल निघाली. मी एकटाच एसटीनं पुण्याला गेलो. कार्डांच्या कपाटापाशी मला दिसलं, की तिनं निवडलेल्या कार्डाच्या एक पायरी वरचं कार्ड तिथं आहे. हेच तिनं आधी बघितलं होतं आणि न बोलता सोडून दिलं होतं. मला ते तिच्यासमोर ठेवायचं होतं. त्यासाठी कुठंतरी कापायला हवं होतं.

काउंटरवर दोन पॉवर सप्लाय होते. एक तिनं सांगितलेला, दुसरा जवळपास निम्म्या किमतीचा, त्याचं नावही मी ऐकलेलं नव्हतं.

"काका, दोन्हींवर वॉट सारखेच लिहिलेत," काउंटरवरचा माणूस म्हणाला. "स्वस्तातला पण लोक नेतात. निर्णय तुमचा."

मी दोन्ही उचलून बघितले. आमच्यात मोटर घ्यायची तर अशीच घेतात. लेबल कुणीही चिकटवतो, पण तांबं वजनाला लबाडी करत नाही. जड मोटर म्हणजे आत भरपूर तांबं. स्वस्तातली पेटी चांगलीच जड लागली, महागातल्या पेटीपेक्षाही जड. मला वाटलं, इथं आपला अनुभव कामी आला. स्वस्तातली पेटी आणि वरचं कार्ड घेऊन मी एसटीत बसलो तेव्हा मनात इतका आनंद होता, की कंडक्टरनं तिकिटाचे सुटे मागितले तेही मला दोनदा ऐकू आलं नाही.

घरी लेकीनं कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, "हे कसं काय?"

"दुकानदारानं कमी करून दिलं."

"आणि हा पॉवर सप्लाय?"

"तुझावाला संपला होता. हा त्याच्यापेक्षा चांगला आहे म्हणाला."

एकामागोमाग दोन खोटी वाक्यं. तिनं पेटी उलटसुलट करून बघितली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पेटी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी गोधडीवर सगळे भाग मांडून तिनं कॉम्प्युटर जोडला. मी टॉर्च धरून उभा होतो. बटण दाबल्यावर आतले पंखे घरघरत फिरले, आणि माझी बायको म्हणाली, "आली बाई एकदाची लाइट. मला वाटलं, गिरणीच चालू व्हतीया."

चैत्र सरत आला होता, जमीन कोरडी ठणठणीत. एका सकाळी फरशी नुकती पुसली होती. लेक कॉम्प्युटरपाशी अनवाणी बसली होती. ती सहज म्हणाली, "पप्पा, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं."

मी चप्पल काढून ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि उलटा हात लावला. बोटांच्या सांध्यांवरून बारीक झिणझिणी गेली.

आमच्या आळीतल्या एका घरची म्हैस एकदा विजेच्या खांबाच्या ताणाच्या तारेला अंग घासायला गेली होती. ती आरडली नाही, धडपडली नाही. उभ्या जागी बसली, बस्स. आम्ही बघत होतो आणि आम्हाला वाटलं, ती रवंथ करायला बसली; ती मेली होती. ती म्हैस त्या सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्याच क्षणी मी लेकीला सांगायला हवं होतं, की पेटी स्वस्तातली आहे, मी खोटं बोललो, बंद कर. एवढंच वाक्य होतं. पण कार्ड बघून तिचा झालेला चेहरा मला आठवला आणि मी म्हणालो, "उन्हाळ्यात होतं तसं. चप्पल घालून बसत जा."

त्या दिवसापासून मी भीतीत राहायला लागलो. दळण दळताना पट्ट्याच्या आवाजात मला घरातून हाक आल्यासारखं व्हायचं. मग मी गिरणी बंद करून घरात डोकवायचो. ती नीट बसलेली असायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं. परत गिरणी सुरू करायची, की परत हाक. गिरणीच्या जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे कापून मी तिच्या खुर्चीखाली अंथरले. ती अंघोळीला गेली, की प्लग काढून ठेवायचो आणि व्होल्टेज कमी आहे म्हणायचो. कधी मेन स्विचच खाली ओढायचो आणि लाइट गेली म्हणायचो. आमच्याकडे लाइट जातेच, त्यामुळे ते खपायचं.

बायको म्हणाली, "पोरीला पट्ट्यावर बसवलंय, आता तिच्या डोक्यावर गहू ओता, म्हंजी झालं."

मी हसलो नाही. ती जरा वेळानं म्हणाली, "तुमास्नी काय झालंय? रातीचं दचकून उठता."

"काही नाही."

लेकीनं मात्र वेगळाच अर्थ काढला. एकदा मी स्विच खाली ओढताना तिनं मला बघितलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "तुम्हाला हे नकोच होतं ना, पप्पा? मी गेम खेळते म्हणून? तसं सांगायचं ना सरळ. मी विकून टाकते."

मी स्विच वर ढकलला आणि गिरणीत निघून गेलो. माझी भीती तिला माझा राग वाटत होती. तो तसाच वाटू देणं मला सोपं गेलं, हे मी लपवत नाही.

मग ती दुपार आली. मी दळण उरकून जेवायला घरात आलो. लेक नुकतीच न्हाली होती. केस ओले, पाय ओले, पट्ट्याचे तुकडे पायानं बाजूला सारलेले. ती कॅबिनेटवर तळहात ठेवून वाकून उभी होती. कानांवर हेडफोन. मी हाक मारली, ती हलली नाही. परत मारली, तरी नाही. तळहात तसाच चिकटलेला.

मला म्हैस दिसली.

माणूस चिकटला तर हातानं ओढायचं नाही, कोरड्या लाकडानं सोडवायचं. कोपऱ्यात कुदळीचा सुटा दांडा होता. तो उचलून मी तिच्या डाव्या मनगटावर मारला, सगळा जीव एकवटून.

ती किंचाळून मागे पडली, हेडफोन निघाले, आणि ती मनगट पोटाशी धरून माझ्याकडे बघायला लागली. ती चिकटलेली नव्हती. आत खरखर येत होती म्हणून पंखा नीट फिरतोय का, हे हात ठेवून बघत होती. माझ्या हातात दांडा होता. तिच्या डोळ्यांत मी जे बघितलं ते मला आयुष्यात परत बघायचं नाही. माझी लेक मला घाबरली होती.

बायको धावत आली. "आवं, येडं झालासा का?"

मी दांडा टाकला, मेन स्विच ओढला आणि जमिनीवर बसलो. मग सगळं सांगितलं. दोन पेट्या, वरचं कार्ड, वजन, दोन खोटी वाक्यं, म्हैस, पट्टे, खोटी गेलेली लाइट. सांगताना माझी मान खाली होती. मनगट सुजायला लागलेलं मला दिसत होतं.

लेक म्हणाली, "मला पेटी बघूनच शंका आली होती. पण तुम्ही इतके खूश होता, की विचारवलं नाही."

बायकोनं मनगटाला हळद लावून फडकं बांधलं. तशाच हातानं लेकीनं मोबाईलचा टॉर्च पेटीच्या जाळीतून आत मारला आणि मला जवळ बोलावलं. आत एका बाजूला लोखंडाची एक जाड पट्टी डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेली होती. तिला एकही तार जोडलेली नव्हती.

"हे वजन आहे पप्पा. नुसतं वजन."

माझ्यासारख्याच कुणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून ती पट्टी चिकटवली होती.

पण लेक तेवढ्यावर थांबली नाही. चांगली पेटी लावली, तरी मुंग्या येणार नाहीत कशावरून, असं तिनं विचारलं. कॅबिनेटवर उतरलेला करंट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा, तो का जात नाही? मी गिरणीतला तपासणीचा बल्ब आणला आणि मेन स्विच वर करून सॉकेटला लावून बघितला. वीज येणाऱ्या दोन भोकांना लावल्यावर लख्ख पेटला. एक टोक अर्थिंगच्या भोकाला लावल्यावर बल्बमधली तार फक्त लाल केसासारखी दिसली, म्हणजे अर्थिंग जवळपास नव्हतंच.

अर्थिंगची तार अंगणातल्या खड्ड्यात जाते. त्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि तो ओला ठेवतात. बायको दारातून म्हणाली, "म्या तिथंच भांडी घासायची. सगळं पाणी त्याच्यात जायचं. तुमीच फरशी बसवली, गाडीला चिखुल लागतो म्हून."

तेही खरंच होतं. फटफटीसाठी मी खड्डा बुजवून टाकला होता आणि त्यावर वर्षानुवर्षं थेंबभर पाणी गेलं नव्हतं. म्हणजे त्या जड पेटीच्या आधीपासून माझ्या घरात वीज जमिनीत जायची वाट बंद होती. इतकी वर्षं मिक्सर चालला, हीटर चालला, या दोघी त्यांना ओल्या हातांनी शिवल्या. या विचारानं मला अजून थरकाप होतो.

दुसऱ्या दिवशी मी फरशी फोडली. खड्डा उकरून कोळसा, मीठ भरलं, तार नव्यानं जोडली आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. बल्ब दोन्हीकडे सारखा पेटला. मग आम्ही दोघं पुण्याला गेलो. दुकानदारानं वरचं कार्ड थोडं कमी भावानं परत घेतलं. लेकीनं आपलं आधीचं कार्ड आणि सांगितलेली पेटी घेतली. मी हात मागे बांधून उभा होतो. पैसे देताना ती म्हणाली, "पप्पा, उचलून तरी बघा." मी बघितली. हलकी होती. ती हसली आणि मला कुठं बघावं कळेना.

मनगटाची सूज उतरली. खड्ड्यात मी रोज पाणी ओततो. बायकोनं भांडी परत तिथंच घासायला घेतली आहेत आणि फटफटी चिखलात उभी असते.

भीती मात्र गेलेली नाही. दांडा मी गिरणीत नेऊन ठेवला, तरी मी दारात आलो की लेकीचा डावा हात अजून आपोआप मांडीवर येतो. तिला ते कळतं की नाही, मला माहीत नाही. मी बघितलं असं मी दाखवत नाही. मात्र बसायच्या आधी ती रोज गिरणीच्या दारात येते आणि म्हणते, "पप्पा, हात लावा."

मी पीठ झटकून घरात जातो, चप्पल काढतो, फरशीवर उभा राहतो आणि कॅबिनेटला उलटा हात लावतो. काही होत नाही. तरी मी हात तिथं जरा जास्तच वेळ ठेवतो. ती मागं उभी राहते, घाई करत नाही. मग मी बाजूला होतो आणि ती बसते.