सरांचं शिफारसपत्र

हॉलंडच्या विद्यापीठाची अट साधी होती. शिफारसपत्र प्राध्यापकांनी लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करायची. विद्यार्थ्याने ते वाचायचं नाही. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रगत एलएल.एम.साठी माझे बाकीचे सगळे कागद तयार होते. हे पत्र शनिवारपर्यंत पोस्टात पडलं नाही, तर अर्ज बाद.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात हा विषय एकच सर शिकवायचे. त्यांनी दिलेल्या बंद पाकिटावर शिक्का घ्यायला मी ऑफिसात गेले. बाबूंनी ते सरळ फाडलं.

"अहो, ते बंद ठेवायचं होतं!"

"जावक नंबराबिगर कागद बाहेर जात नाई, बाई. अन् आत काय हाये हे पाहल्याबिगर मी नंबर देत नाई."

मग त्यांनी ते अडखळत, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं वाचलं. दोनच ओळी होत्या. मुलगी चांगल्या घरातली आहे, वागणूक चांगली आहे. नोकरीसाठी सरपंच देतो तसला दाखला.

"कॉन्व्हेंटवाली हाये, वागणूक चांगली राहीनच," बाबू म्हणाले आणि शिपाई हसला. बाबूंनी पाकीट फोडलं नसतं तर मी हेच पाठवलं असतं. तरीही त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत.

स्टाफरूममध्ये मी सरांना म्हटलं, "सर, यात माझ्या अभ्यासाबद्दल काहीच नाही." तीन वर्षांत अभ्यासाबद्दल त्यांच्याशी बोललेलं हे माझं दुसरं वाक्य.

"पोरीबद्दल आणखी काय लिहायचं राह्यते? मूल गावच्या पोरीले हॉलंड काऊन पाहिजे? इथी कोर्ट नाई का?" बाकीचे सर चहा पिता पिता हसले. "तूच लिहून आण. इंग्रजी तुमचीच आहे ना. मी सही करतो."

मी सरांच्या वतीने लिहिलं. नुसती सही करून देश कराराने बांधला जातोच असं नाही, बऱ्याचदा नंतर मंजुरीही लागते, हे तिने मला दाखवून दिलं आणि ते बरोबर होतं, असंही लिहिलं. तास संपल्यावर हळूच सांगितलेलं ते माझं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात स्वतःचं म्हणून सांगितलं होतं.

सरांनी त्या ओळीवर रेघ मारली. "हे खोटं आहे."

"खोटं नाही, सर."

"काढ. नाहीतर सही नाही."

मी टायपिंगच्या दुकानात गेले आणि पत्र पुन्हा टाईप करून घेतलं. ती ओळ तशीच ठेवली. शुक्रवारी सर घाईत होते. त्यांनी न वाचता सही केली. मी बाबूंकडून आधी नंबर घेतला, मग पाकीट सरांसमोर चिकटवलं आणि त्यावरही त्यांची सही घेतली.

जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं. मी सरांना कळवलं नाही.