हळदीच्या डब्यातला घोडेस्वार

पलीकडच्या माळावर रणगाड्यांचा सराव सुरू झाला, की पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी मांडणीवरची ताटं किणकिणू लागतात. तशी ती आजही किणकिणली, आणि सवयीप्रमाणे आत्यानं दाराकडे पाहिलं. ही माझ्या वडिलांची चुलत बहीण. ऐंशी ओलांडलेली, नवऱ्यामागं माहेरी येऊन राहिलेली. तिचा बाप, म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तो परत आला नाही, मेल्याची खबरही आली नाही. तोफ वाजली की दाराकडे बघायचं, हे तिला कुणी शिकवलं नसणार. आईला बघून बघून अंगवळणी पडलं असेल.

आमच्यात लढाईत पडलेल्या पुरुषाचा टाक करतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला तो घोडेस्वार वीर म्हणून देवघरात बसतो. युद्ध संपल्यावर वाट पाहून पाहून आजोबांनी भावाचा टाक सोनाराकडून करून आणला. घाईच झाली ती. भावजयीनं, म्हणजे आत्याच्या आईनं, टाक हातात घेतला, कपाळावरच्या कुंकवाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्यो बसवायचा आसंल तर आदी हे पुसा." पुसायला कोण धजणार? टाक लाल फडक्यात गुंडाळून हळदीच्या डब्यात गेला. शेवटपर्यंत कुंकू लावतच ती वारली, तरी घोडेस्वार तिथंच राहिला. लहानपणी डब्यात हात घातला की बोटांना ती गाठ लागायची आणि मला भीती वाटायची, आपण एका माणसाला कोंडून ठेवलंय.

"माझ्या डोळ्यांदेखत त्याला जागंवर बसव," आत्या गेल्या वर्षी म्हणाली आणि मी शोधाला लागलो. नगरच्या निवृत्त फौजींना भेटलो, पार दिल्लीपर्यंत फोन केले. पण खरं सांगू? उत्तर येऊच नये, असंही वाटायचं. तो पळून गेला असेल तर? कुठे दुसरा संसार मांडून, नातवंडं खेळवून सुखानं गेला असेल तर? ते मी या म्हातारीला कोणत्या तोंडानं सांगणार होतो? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती उघडायला मीच निघालो होतो.

आज सकाळी दिल्लीहून फोन आला. तो लढाईत पडलाच नव्हता. खेचरांच्या तुकडीत होता. छावणीच्या दवाखान्यात तापानं गेला. पळाला नाही, एवढ्यानं जीव भांड्यात पडला, तोवर दुसरी धास्ती उभी. तापानं गेलेला माणूस वीर कसा? त्याला हा टाक चालेल का? भाऊबंद काय म्हणतील? दुपारपर्यंत मी ते पोटात ठेवलं. मग ताटं किणकिणली, तिनं दाराकडे पाहिलं, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

आत्यानं दारावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "ताप लई हुता का रं?"

"असेल."

"मंग तहान लागली आसंल. पानी कुनी दिलं आसंल त्याला?"

माझ्या साऱ्या शोधात हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मला रडू आलं. तिनं डबा काढला, हळद मुरून पिवळा पडलेला टाक पदरानं पुसला, देवघरात ठेवला आणि त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवला. वीर की नाही, हे तिनं विचारलंच नाही.

माळावर पुन्हा आवाज झाला. तांब्यातलं पाणी थरथरलं. आत्यानं दाराकडे पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं. घराला लागलेली इतक्या वर्षांची सवय एका दुपारीत जायची नाही.